तीन पिढ्यांचे स्वर : स्त्रियांच्या ‘ब्लूज’चा आस्वाद घेताना

चंडीमंदिर (चंदीगड) : ज्या चंडीदेवीच्या नावावरून चंदीगड शहराला नाव मिळाले, तिचे मंदिर शहराबाहेर, कालक्याकडे जाणाऱ्या मार्गालगत आहे. मंदिराचा परिसर चंडीमंदिर या नावाने ओळखला जातो. १९८५ पासून भारतीय लष्कराच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय येथे आहे. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले जवान आणि अधिकारी या छावणीत राहतात. छावणीला लागूनच पंचकुला हे शहर आहे. ‘पंजाबची बुलबुल’ म्हणून गौरविल्या गेलेल्या गायिका सुरिंदर कौर २००२ मध्ये याच पंचकुल्यात राहावयास आल्या होत्या.

त्यापूर्वी सात वर्षे, १९९५ मध्ये, ‘सुरिंदर कौर – द थ्री जनरेशन्स’ या नावाची एक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली होती. त्यात आई सुरिंदर कौर, कन्या डॉली गुलेरिया आणि नात सुनैनी या तिघींचे स्वर एकत्र आले आहेत. एकाच घरातील तीन पिढ्यांच्या स्त्रियांनी मिळून आपल्या प्रांताची गाणी ध्वनिमुद्रित करावीत, ही घटना कोणत्याही भाषेत वारंवार घडणारी नाही.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या ‘ब्लूज’ या गीतप्रकाराशी परिचय असलेल्या श्रोत्याला पंजाबातील स्त्रीगीते ऐकताना एक जवळीक जाणवते. आणि ज्यांनी आजीच्या तोंडून जात्यावरची ओवी ऐकली आहे, त्या मराठी श्रोत्याला या दोन्हींतले पुष्कळसे ओळखीचे वाटते. या तिन्ही परंपरा एकमेकींजवळ ठेवून ऐकल्या, तर प्रत्येकीचा आस्वाद अधिक चांगला घेता येतो. तो कसा, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

‘ब्लूज’ म्हणजे काय?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिण भागात, विशेषतः मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील कापसाच्या प्रदेशात, हा गीतप्रकार आकाराला आला. गुलामगिरी कायद्याने संपली होती, परंतु दारिद्र्य, कर्ज आणि अपमान संपले नव्हते. शेतात काम करताना एकाने हाक द्यावी आणि इतरांनी प्रतिसाद द्यावा, या पद्धतीच्या श्रमगीतांतून आणि चर्चमधील भजनांतून ‘ब्लूज’ला त्याचे वळण मिळाले. इंग्रजीत ‘ब्लू’ हा शब्द खिन्न मनःस्थितीसाठीही वापरला जातो. गीतप्रकाराचे नाव त्यावरूनच आले आहे.

या गीतांचा सर्वाधिक रूढ घाट बारा मात्रागटांचा आहे. त्यात तीन ओळी असतात. पहिली ओळ गायिली जाते, दुसऱ्या वेळी तीच ओळ थोड्या फरकाने पुन्हा येते आणि तिसरी ओळ त्या दोन्हींना उत्तर देते. प्रत्येक ओळीनंतर काही जागा मोकळी राहते. त्या जागेत गिटार किंवा पियानो बोलतो. म्हणजे गायिकेचे वाक्य आणि वाद्याचा हुंकार असा संवाद गीतभर चालतो.

दुसरे वैशिष्ट्य स्वरांचे. ‘ब्लूज’मधील गंधार आणि निषाद हे पियानोच्या पट्ट्यांत नेमके सापडत नाहीत. ते कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या कुठल्यातरी जागी असतात आणि गळा त्या जागेवर हेलकावत राहतो. श्रुती आणि मींड यांची सवय असलेल्या भारतीय कानाला हे परके वाटत नाही. पाश्चात्त्य शास्त्राला ज्या स्वराचे वेगळे नाव ठेवावे लागले, तो आपल्या गायकीत सहज येऊन जातो.

‘अकूस्टिक ब्लूज’ म्हणजे विजेच्या साहाय्याने नाद न वाढविता वाजविलेला ‘ब्लूज’. १९४० च्या दशकात शिकागोसारख्या शहरांत विजेवरील गिटार आली आणि गाण्याचा नाद मोठा झाला. त्याआधीचा, अंगणातला आणि ओसरीवरचा ‘ब्लूज’ लाकडी गिटार, पियानो, माउथ ऑर्गन आणि टाचेचा ठेका यांवर उभा होता. त्यात बोटांचा तारेवरचा घास ऐकू येतो, श्वास ऐकू येतो. चूक झाली तर तीही ऐकू येते.

स्त्रियांनी उघडलेले दार

‘ब्लूज’ म्हटले की गिटार घेतलेला एकटा पुरुष डोळ्यांपुढे येतो. ध्वनिमुद्रणाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. ऑगस्ट १९२० मध्ये मेमी स्मिथ या गायिकेने ‘क्रेझी ब्लूज’ हे गीत ध्वनिमुद्रित केले आणि त्याच्या प्रचंड खपामुळे ध्वनिमुद्रण कंपन्यांना कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या बाजारपेठेची जाणीव झाली. त्यानंतर मा रेनी आणि बेसी स्मिथ यांची नावे घराघरांत पोहोचली. मेम्फिस मिनी ही तर उत्तम गिटारवादक होती. १९२९ मध्ये तिने जो मॅकॉय याच्यासह मिसिसिपीच्या महापुरावरील गीत ध्वनिमुद्रित केले.

या परंपरेला अलीकडच्या काळात नवे रूप देणारा एक गट म्हणजे ‘सफायर – द अपिटी ब्लूज विमेन’. ‘अपिटी’ म्हणजे पायरी सोडून वागणारी. ज्या शब्दाने हिणवले जाई, तोच या स्त्रियांनी नाव म्हणून स्वीकारला. व्हर्जिनिया राज्यातील फ्रेडरिक्सबर्ग येथे १९८४ मध्ये हा गट तयार झाला. गे अदेगबलोला या विज्ञानाच्या शिक्षिका होत्या आणि १९८२ मध्ये त्यांना राज्यातील सर्वोत्कृष्ट शिक्षिकेचा सन्मान मिळाला होता. पियानो व गिटार वाजविणाऱ्या ॲन रॅबसन संगणक क्षेत्रात काम करीत. अर्लिन लुईस बास वाजवीत. पुढे त्यांच्या जागी मँडोलिन आणि फिडल वाजविणाऱ्या अँड्रा फे आल्या. १९९० मध्ये ‘ॲलिगेटर रेकॉर्ड्स’ने त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा या स्त्रिया तरुण नव्हत्या. त्यांच्या गाजलेल्या एका गीताचा विषयच मध्यमवयीन स्त्रीची इच्छा हा होता आणि त्या गीताला ‘ब्लूज’ क्षेत्रातील मानाचा पुरस्कार मिळाला. २००९ मध्ये गट विसर्जित झाला. ॲन रॅबसन यांचे २०१३ मध्ये निधन झाले.

त्यांच्या मुद्रिका ऐकताना पहिली गोष्ट लक्षात येते ती विनोदाची. ‘ब्लूज’ म्हणजे केवळ रडगाणे, ही समजूत त्या पहिल्या दोन-तीन गीतांतच दूर करतात. नवऱ्याची टर, वयाची थट्टा, देहाविषयीचे मोकळे बोलणे, सारे त्यात आहे. दुःख आहेच, पण दुःखाला हसून उत्तर देण्याची तयारी त्याहून मोठी आहे.

लाहोरच्या दोन बहिणी

आता पुन्हा पंजाबकडे येऊ. सुरिंदर कौर यांचा जन्म २५ नोव्हेंबर १९२९ रोजी लाहोर येथे झाला. थोरली बहीण प्रकाश कौर आधीपासून गात होती. मुलींनी गाणे शिकावे ही गोष्ट तेव्हाच्या घरांत सहज मान्य होणारी नव्हती. तरीही बाराव्या वर्षापासून दोघींना इनायत हुसेन आणि पंडित मणिप्रसाद यांच्याकडून शास्त्रीय संगीताची तालीम मिळाली. लोकगीत गाणाऱ्या या गळ्यांना रागदारीची बैठक होती, हे त्यांचे गाणे ऐकताना ध्यानात ठेवावे लागते.

ऑगस्ट १९४३ मध्ये सुरिंदर कौर लाहोर रेडिओवरून प्रथम गायिल्या. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला दोघी बहिणींनी ‘एचएमव्ही’साठी पहिले युगलगीत ध्वनिमुद्रित केले. ‘मावां ते धीयां’ या नावाने ते ओळखले जाते. मावा म्हणजे माता आणि धीया म्हणजे लेकी. ‘धी’ हा शब्द संस्कृतातील ‘दुहिता’शी नाते सांगतो. सासरी गेलेली लेक आणि आई पुष्कळ दिवसांनी एकत्र बसून मनातले बोलत आहेत, असा त्या गीताचा भाव आहे. गाणाऱ्या सुरिंदर कौर तेव्हा अवघ्या तेरा वर्षांच्या होत्या.

त्या काळच्या तव्याच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. रात्रभर अंगणात चालणारे गाणे तीन मिनिटांत बसवावयाचे, तर काय ठेवावे आणि काय गाळावे याचा निर्णय करावा लागे. दोघी बहिणींच्या गीतांत दिसणारा नेमकेपणा काही अंशी या मर्यादेतून आला असावा. सूर लागला की लगेच मुखडा येतो. बहिणींचे आवाज एकमेकांना चिकटून चालतात, पण एकरूप होत नाहीत. थोरलीचा आवाज कोठे आहे आणि धाकटीचा कोठे, हे थोड्या सवयीने ओळखू येते.

फाळणी आणि मुंबईतील दिवस

१९४७ मध्ये लाहोर सुटले. कुटुंब प्रथम दिल्लीजवळ गाझियाबादला आले. १९४८ मध्ये सुरिंदर कौर यांचा विवाह प्राध्यापक जोगिंदर सिंग सोधी यांच्याशी झाला आणि त्यांनी मुंबईत चित्रपटांसाठी पार्श्वगायन सुरू केले. संगीतकार गुलाम हैदर यांनी ‘शहीद’ (१९४८) या चित्रपटात त्यांच्याकडून गाणी गाऊन घेतली.

‘शहीद’ हे नाव मराठी रसिकांना दुसऱ्या कारणाने परिचित आहे. याच चित्रपटासाठी गुलाम हैदर यांनी लता मंगेशकर यांना ‘फिल्मिस्तान’च्या शशधर मुखर्जी यांच्याकडे नेले होते आणि मुखर्जी यांनी तो आवाज फार पातळ असल्याचे सांगून नाकारला होता. गुलाम हैदर यांनी मग त्याच वर्षीच्या ‘मजबूर’मध्ये लतादीदींना गाणे दिले. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. एकाच संगीतकाराने, एकाच सुमारास, लाहोरच्या एका आणि महाराष्ट्राच्या एका मुलीचा आवाज पारखला होता.

सुरिंदर कौर मात्र चित्रपटसृष्टीत रमल्या नाहीत. १९५२ मध्ये त्या दिल्लीस परतल्या. प्राध्यापक सोधी त्यांचे मार्गदर्शक झाले. ‘इप्टा’ या नाट्यचळवळीच्या माध्यमातून पती-पत्नींनी पंजाबच्या खेड्यापाड्यांत कार्यक्रम केले. लोकगीतांबरोबरच अमृता प्रीतम, मोहन सिंग आणि शिवकुमार बटालवी यांच्या कविता त्यांच्या गळ्यातून सामान्य माणसापर्यंत पोहोचल्या. सुमारे सहा दशकांत त्यांनी दोन हजारांहून अधिक गीते ध्वनिमुद्रित केली. १९८४ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मुंबईने या कुटुंबाला आणखी एक गोष्ट दिली. कन्या डॉली यांचा जन्म मुंबईतला. त्यांना डॉक्टर व्हावयाचे होते. १९७० मध्ये लष्करी अधिकारी एस. पी. एस. गुलेरिया यांच्याशी विवाह झाला आणि त्यानंतर त्यांचे गाणे खऱ्या अर्थाने सुरू झाले. पतियाळा घराण्याचे उस्ताद अब्दुल रहमान खाँ यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली.

प्रकाश कौर यांचे १९८२ मध्ये निधन झाले होते. बहिणीबहिणींचा स्वरसंवाद थांबला होता. १९९५ ची ध्वनिमुद्रिका या पार्श्वभूमीवर ऐकावयास हवी. ज्या मुलीने तेराव्या वर्षी माय-लेकींचे गीत गायिले, तीच बावन्न वर्षांनी आपल्या लेकीबरोबर आणि नातीबरोबर गाऊ लागली. २००६ च्या जानेवारीत पद्मश्री सन्मान जाहीर झाला, तेव्हा पंचकुल्यातच हृदयविकाराच्या झटक्यातून त्या नुकत्याच सावरल्या होत्या. त्याच वर्षी १४ जून रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी येथे त्यांचे निधन झाले.

पुनरुक्ती कशासाठी?

पंजाबी स्त्रीगीतांचे अनेक प्रकार आहेत. वधूच्या घरी ‘सुहाग’ गातात, वराच्या घरी ‘घोडी’ गातात. वऱ्हाडी मंडळींना यथेच्छ टोमणे मारणारी ‘सिठणी’ असते. मृत्यूनंतर ‘कीरने’ असतात. गिद्ध्याच्या रिंगणात एक जण ‘बोली’ टाकते, बाकीच्या टाळ्यांवर ती उचलतात. ‘माहिया’ तीन छोट्या ओळींचा असतो. पहिल्या आणि तिसऱ्या ओळींचे यमक जुळते आणि पहिल्या ओळीचा अर्थाशी संबंध असेलच असे नाही. कित्येकदा ती नुसते चित्र उभे करते आणि खरी गोष्ट नंतर येते. वाद्य म्हणून ढोलकी पुरे होते. ढोलकी नसेल तर मातीचा घडाही चालतो.

नव्या श्रोत्याला या गीतांतील पुनरुक्ती प्रथम कंटाळवाणी वाटण्याचा संभव असतो. ‘ब्लूज’मध्येही ओळ दोनदा येते, ओवीतही चरण फिरून येतो. यामागे एक व्यावहारिक कारण आहे. ही गीते कागदावर लिहून आणलेली नसत. ती गाता गाता जुळविली जात. ओळ पुन्हा गायिली जात असताना गाणारीला पुढची ओळ शोधण्यासाठी अवधी मिळतो. गिद्ध्यात इतर जणी बोली उचलतात तेव्हा पहिली दम घेते आणि पुढची बोली जुळविते. जात्यावर दोघी बसल्या असतील, तर एक म्हणते, दुसरी साथ देते, आणि तेवढ्यात पुढचा चरण ओठांवर येतो.

पुनरुक्तीचा दुसरा उपयोग ऐकणाऱ्यासाठी आहे. तीच ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा शब्द तेच असतात, पण अर्थ तोच राहत नाही. पहिल्या वेळी ती माहिती असते, दुसऱ्या वेळी ती तक्रार होते. हा फरक आवाजाच्या किंचित ओढीने, एखाद्या अक्षरावर थोडे अधिक रेंगाळून दाखविला जातो. अशा गाण्याचा आस्वाद घ्यावयाचा तो येथे. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेतील फरक कानांना कळू लागला, की गाणे उलगडू लागते.

आगगाडी, पलटण आणि वाट पाहणारी

चंडीमंदिरासारख्या छावणीच्या गावी या गीतांचा आणखी एक पदर स्पष्ट होतो. पहिल्या महायुद्धात अविभाजित पंजाबातून तीन लाखांहून अधिक लढाऊ सैनिक भरती झाले. गावोगावच्या स्त्रियांनी त्यावर गीते रचली. भरती करणाऱ्यांना दिलेले शाप, गोऱ्या साहेबाला केलेली विनवणी आणि नवऱ्याला घेऊन जाणाऱ्या आगगाडीविषयीचा राग त्यांत आहे.

महाराष्ट्रालाही हे अपरिचित नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाच्या ४६ जवानांनी त्याच महायुद्धात प्राण गमावले आणि ते गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखले जाऊ लागले. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात लढत होत्या. घरी राहिलेल्या स्त्रियांच्या हाती पत्र वाचण्याइतके अक्षरज्ञानही बहुधा नव्हते. होता तो गळा.

‘ब्लूज’मध्येही आगगाडी वारंवार येते. दक्षिणेतील लाखो कृष्णवर्णीय माणसे कामाच्या शोधात उत्तरेच्या शहरांकडे गेली, ती याच गाडीने. ती गाडी पुरुषाच्या गाण्यात अनेकदा सुटकेचे साधन असते आणि मागे राहिलेल्या स्त्रीच्या गाण्यात सवत. एकाच यंत्राविषयी इतक्या दूरदूरच्या स्त्रियांचे एकमत व्हावे, यात नवल वाटण्याचे कारण नाही. तिघींचाही पुरुष त्याच गाडीने गेला होता.

जात्यावरची ध्वनिमुद्रिका

मराठी स्त्रियांच्या या गाण्याचा शोध अनेकांनी घेतला. साने गुरुजींनी ओव्यांचे संकलन ‘स्त्रीजीवन’ या नावाने प्रसिद्ध केले. बहिणाबाई चौधरी यांच्या रचना त्यांचे पुत्र सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्यामुळे १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून मोठे काम केले. परंतु छापलेल्या ओवीत गळा नसतो.

ही उणीव पुण्यातील हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवॅं यांच्या प्रकल्पाने पुष्कळ प्रमाणात भरून काढली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल सहभागी झाल्यानंतर शंभरहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. पॉइटवॅं यांचे २००४ मध्ये आणि राईरकर यांचे २०१० मध्ये निधन झाले. २०१७ पासून हा संग्रह ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर क्रमाक्रमाने प्रसिद्ध होऊ लागला. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांनी गायिलेल्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या त्यात आहेत. माजलगावच्या स्त्रियांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयी गायिलेल्या ओव्याही आहेत.

या मुद्रणांत वाद्य नाही. काही ठिकाणी जात्याची घरघर आहे. तीच लय आहे आणि तोच आधारस्वर आहे. दगड एक फेरा पूर्ण करतो तेवढ्यात एक चरण बसतो. दळण जड असेल तर ओवी संथ होते. ‘ब्लूज’मधील गिटारचे काम येथे पीठ करणारे जाते करते.

आस्वादाच्या काही वाटा

ज्यांना हे संगीत नव्याने ऐकावयाचे आहे, त्यांनी एकदम पुष्कळ ऐकू नये. एका बैठकीत तीन-चार गीते पुरेत. आरंभ प्रकाश कौर आणि सुरिंदर कौर यांच्या युगलगीतांपासून करावा. भाषा पूर्ण कळली नाही तरी चालेल. प्रथम फक्त दोन आवाज वेगळे करण्याचा प्रयत्न करावा.

त्यानंतर सुरिंदर कौर यांनी लोकप्रिय केलेले ‘जुत्ती कसूरी’ ऐकावे. कसूर हे लाहोरजवळील गाव जोड्यांसाठी प्रसिद्ध आहे. सासरी निघालेल्या नववधूच्या पायात कसुरी जोडा आहे, तो पायाला नीट बसत नाही, आणि तिला अनोळखी वाट चालावी लागते आहे. विषय जोड्याचा आहे, परंतु न बसणारी गोष्ट केवळ जोडा नाही, हे गाणाऱ्या स्त्रीला आणि ऐकणाऱ्या स्त्रीला ठाऊक असते. १९४७ नंतर कसूर सीमेपलीकडे गेले, तेव्हा या गीताला आणखी एक अर्थ चिकटला.

मग तीन पिढ्यांच्या गाण्याकडे वळावे. येथे तुलना करण्याचा मोह टाळणे बरे. आजीचा आवाज नातीहून श्रेष्ठ की कसे, हा प्रश्न गौण आहे. एखादे अक्षर आजी कसे उच्चारते, लेक ते कसे घेते आणि नातीपर्यंत ते कसे पोहोचते, हे ऐकणे अधिक आनंदाचे आहे. ज्या उच्चारात लाहोर आहे, तो लाहोर न पाहिलेल्या मुलीच्या तोंडी आढळतो, तेव्हा परंपरा या शब्दाचा अर्थ कळतो.

त्यानंतर ‘सफायर’च्या तिघींकडे जावे. पियानोचा डावा हात कोणता ठेका धरतो, तिकडे लक्ष द्यावे आणि शब्दांतील थट्टेकडे कान ठेवावा. सिठणी माहीत असलेल्या पंजाबी स्त्रीला आणि भोंडल्यात सासू-नणंदेची खिल्ली उडविलेल्या मराठी स्त्रीला ही थट्टा समजावून द्यावी लागणार नाही. ‘ब्लूज’ प्रत्यक्ष ऐकण्याची संधी महाराष्ट्रात फारशी मिळत नसे. २०११ मध्ये मुंबईच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्र ब्लूज महोत्सव सुरू झाल्यानंतर बडी गाय यांच्यासारखे दिग्गज येथील श्रोत्यांनी समोर ऐकले.

शेवटी ओवी ऐकावी. ती शेवटी ऐकली म्हणजे तिच्यात किती ‘ब्लूज’ आहे, हे आपोआप कळते.

प्रश्न नावाचा

हे सारे ऐकताना एका गोष्टीचा विसर पडू नये. स्त्रियांचे हे गाणे जगात सर्वत्र आवडीने वापरले गेले, पण गाणारीचे नाव त्यावर क्वचितच राहिले. बेसी स्मिथ यांच्या ध्वनिमुद्रिकांनी कंपनीला मोठा नफा मिळवून दिला, परंतु त्यांना ठरावीक मानधनापलीकडे खपातील वाटा मिळाला नाही. उत्तर कॅरोलायनातील एलिझाबेथ कॉटन यांनी मुलगी असतानाच ‘फ्रेट ट्रेन’ हे गीत रचले होते. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये ते दुसऱ्यांच्या नावावर नोंदले गेले आणि लोकप्रियही झाले. कॉटन त्या काळात दुसऱ्यांच्या घरी घरकाम करीत होत्या. गीतावरील हक्क त्यांना पुढे मिळाला. त्यांची स्वतःची पहिली ध्वनिमुद्रिका १९५८ मध्ये निघाली, तेव्हा त्या साठीच्या पुढे गेल्या होत्या.

आपल्याकडे ‘पारंपरिक’ या एका शब्दाखाली असंख्य स्त्रिया झाकल्या गेल्या आहेत. गीत परंपरेचे असते हे खरे, पण विशिष्ट चरण कोणत्या तरी एका स्त्रीने, कोणत्या तरी एका पहाटे जुळविलेला असतो. ओव्यांच्या संग्रहाचे मोठेपण त्यातील संख्येइतकेच या गोष्टीत आहे, की तेथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. १९९५ च्या त्या ध्वनिमुद्रिकेचेही महत्त्व हेच आहे. माय-लेकींच्या नात्यावर गाणारी गीते पुष्कळ आहेत. त्या माय-लेकी कोण, हे मुखपृष्ठावर लिहिलेले फार थोड्या ठिकाणी आढळते.

जाती आता बहुतेक घरांतून गेली आहेत. चरख्याभोवती स्त्रिया जमत ते पंजाबातील ‘त्रिंजण’ही उरले नाही. स्त्रियांचे श्रम त्यामुळे हलके झाले, याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. मात्र श्रमाबरोबर एकत्र बसून गाण्याची वेळही गेली. छावणीतील असो वा शहरातील, आजच्या घरात आई, लेक आणि नात यांच्याजवळ तशी ठरलेली वेळ राहिलेली नाही. ती वेळ काढावी लागते. ज्यांच्या घरी अद्याप आजी आहे आणि तिला चार ओव्या, दोन सुहाग किंवा एखादी सिठणी आठवते, त्यांच्या हातातल्या मोबाइल फोनमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय असतेच. मुद्रण करताना आरंभी तिला तिचे पूर्ण नाव, माहेरचे गाव आणि ही ओवी कोणाकडून ऐकली ते सांगावयास लावावे.